चार बोटं आत

अहो,

डॉक्टरांकडे नंबर लावायला मी पुढे जातेय. उठलात की या.

परवा त्यांनी "कपडे सैल होतायत का?" विचारलं. तुम्ही बेधडक "नाही" म्हणालात आणि मी शेजारी मूग गिळून बसले. खरं सांगते. गेले दोन महिने तुम्ही आंघोळीला गेलात की मी तुमच्या पँटची कंबर आत घेत होते. शिंपिणीला ते काय कठीण? मळमळतंय म्हणून ताट सरकवायचात, त्यात कपडे ढगळ झालेले दिसले तर हाय खाल असं वाटलं. आजवर चार बोटं आत गेलीत. चुकलंच माझं. रागवा, पण डॉक्टरांसमोर नको.

आता दुसरं. मळमळ मलाही होते, बोलले नव्हते. काल आपल्या शिवणाच्या दुकानात सहज टेप स्वतःला लावला, तर कंबर तीन इंच कमी. तरी माझे कपडे अंगाबरोबर बसतात. म्हणून कुर्ता उलटा करून शिवण पाहिली. टीप संपवताना दोनदा मागे फिरवायची सवय तुमचीच. कधीपासून चाललंय हे?

घरातलं काही तोंडात घालू नका, पाणीसुद्धा. पिंपातलं बाटलीभर मी तपासायला नेलंय.

मांजरीला पिशवीत घालून सोबत आणा. तिच्या गळ्यातला पट्टा उंबऱ्यापाशी निसटून पडलाय, बक्कल लावलेलाच. तो आत घ्यायचं आपल्या दोघांनाही सुचलं नाही.