टॅबिथा बेटावर असताना

९ जुलै १८४९
‘प्रेअरी बेल’ला धक्क्याला लागू दिलं नाही. बोटीवर जर्मन कुटुंबं, त्यांच्यात पटकीचे रोगी. कप्तान ओरडला, “नगराध्यक्ष आहेस की कसाई?” मी हुकूम वाचून दाखवला – नदीतल्या समोरच्या विलो बेटावर उतरा. बेटावर गेलेला कुणीही माझ्या परवानगीशिवाय गावात पाय ठेवणार नाही.
वीस वर्षं पीठ आणि कापड विकलं. दारातून कुणाला परत धाडलं नव्हतं.

१० जुलै
बेटावर खड्डे खणताहेत. इथून दिसतं.
टॅबिथा जेवली नाही. “त्यांना पाणी पाजायलासुद्धा कुणी नाही, ऑरिन.” म्हटलं, आधी गाव. तर म्हणते, “गाव म्हणजे तुला पडणारी मतं.” लग्न झाल्यापासून असं कधी बोलली नव्हती.

११ जुलै
टॅबिथा गेली. दुकानातलं पीठ आणि ब्लँकेटं होडीत घालून स्वतः वल्हवत गेली. मला कळलं तेव्हा ती बेटावर पोचली होती.
दुपारी दुकानापुढे गर्दी. कुंभार हॅस्केल म्हणाला, “आता काय करणार साहेब? बायकोसाठी वेगळा कायदा?” मी म्हणालो, हुकूम सगळ्यांना सारखा. लोकांनी आदराने टोप्या काढल्या.
मला ते आवडलं. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१६ जुलै
गावात एकही रोगी नाही. धक्क्यावर गेलो होतो. ती कपडे उकळत होती. मी हात केला. तिने पाहिलं, पुन्हा कामाला लागली.

२४ जुलै
वकील गॅम्बल आला. पक्षाचं सगळं तोच बघतो. म्हणाला, “विधानसभेला तूच उभा राहा. अख्ख्या जिल्ह्यात तुझंच नाव आहे – गावासाठी बायको दिली म्हणतात.”
दिली नाही, म्हणालो, ती गेली. “तेच ते,” म्हणाला.

३१ जुलै
सकाळी बातमी – टॅबिथा वारली. कुणी आणली, पत्ता नाही. धक्क्याकडे धावलो. पायात जोडा एकच, हे तिथे पोचल्यावर कळलं.
डॉक्टर क्रेन होडीतून बेटाजवळ जाऊन आले. “ठणठणीत आहे. वाळलीय फक्त. रोग संपलाय, टॅलकॉट. हुकूम उठव, आण तिला घरी.”
मी धक्क्यावरच बसलो. रडलो.
दुकानात गॅम्बल वाट बघत होता. सगळं ऐकून घेतलं. “सोमवारी मतदान. बायका चर्चमध्ये तिच्यासाठी रडताहेत. रडू दे. तू खोटं बोलूच नको. नुसता गप्प राहा.”
संध्याकाळी क्रेनना सांगितलं, सोमवारपर्यंत कुठे बोलू नका, लोक बेटावर धावतील. त्यांनी टोपी घातली. मग म्हणाले, “तुझ्या दुकानात मापात कधी खोट नसायची.”

२ ऑगस्ट
सभा. मंचावर चढण्याआधी गॅम्बलने माझ्या कोटाच्या दंडाला सुतकाची काळी फीत बांधली. मी हात मागे घेतला नाही. रस्त्यांवर बोललो, शाळेवर बोललो. टॅबिथाचं नाव काढलं नाही. पुढच्या बाकावर हॅस्केल हुंदके देत होता.

४ ऑगस्ट
आणखी दोन सभा. फीत दंडावरच. ती बेटावर काय खात असेल?

६ ऑगस्ट
निवडून आलो. हॅस्केलने खांद्यावर घेऊन मिरवलं. लगेच हुकूम उठवला, पहाटे होड्या पाठवायला सांगितल्या. गॅम्बल म्हणतो, ती जगली-वाचली हा देवाचा चमत्कार म्हणून सांगू.

७ ऑगस्ट
टॅबिथा आली. मी अजून कालच्याच कोटात होतो. ती दारात थांबली, माझ्या दंडाकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, “कोण गेलं?”