बालवर्गाची भागीदारी

२ जून
आजपासून रोज लिहिणार. आमच्या सरकारी शाळेचा बालवर्ग रिकामा आहे. मुलं आली नाहीत तर वर्ग बंद, असं वरच्या ऑफिसने बजावलंय. समोरच्या पाळणाघरात मात्र नुसता किलबिलाट. आयडिया सुचली. भागीदारी! खोली आमची, मुलं त्यांची, शिकवणार मी, खुद्द मुख्याध्यापक. पाळणाघरवाल्या ताई म्हणाल्या, बघा बुवा, झेपलं तर. न झेपायला काय झालं?

४ जून, सकाळी ११
मुलं रस्ता ओलांडून आली. स्वागताचं भाषण केलं. बाकांवरून पाय लोंबकळत होते, पण चेहऱ्यांवर जिज्ञासा. नियम सांगितला, हात वर केल्याशिवाय बाथरूमला जायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. शिस्त लगेच अंगी बाणली.

११.१०
फरशी पुसून घेतली. पण मुलं हात वर करेपर्यंत थांबली होती, हे महत्त्वाचं.

५ जून
साडेबाराला शाळा सुटली. मुलांना आता घरी पोचवा, असं ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी कोण असतं सर? आईबाप सहाला येतात, म्हणून तर पाळणाघर. हा मुद्दा प्लॅनमधून निसटला खरा. किरकोळ आहे.
तोवर मुलं बाकांवर झोपली. शाळेत झोपायचं नसतं, असं एकेकाला उठवून समजावलं. एक रडलं, मग सगळीच. शिपाई म्हणाला, सर, तुम्ही जरा बाहेर जाऊन येता का? गेलो. रडणं थांबलं. माझ्या समजावण्याचा परिणाम थोडा उशिरा होतो.

९ जून
मुलं आली नाहीत. बहुतेक सर्दीची साथ. रिकाम्या वर्गात बसून राहिलो. काहीच वाटलं नाही. मग घरी गेलो. बायको गेल्यापासून तिथेही असंच असतं, त्यामुळे फरक जाणवला नाही.

१० जून
लिहिण्यासारखं काही नाही.

१३ जून
वरच्या ऑफिसचे साहेब येऊन गेले. आधी ताईंशी बोलले, मग माझ्याशी. भागीदारी मंजूर! वर्ग मात्र पाळणाघरात भरेल आणि ताई चालवतील. शाळेने फळा द्यायचा. मी तिथे ट्रेनिंग घ्यायचं. एकूण, माझीच योजना.

१६ जून, संध्याकाळ
ट्रेनिंगचा पहिला दिवस. चटईवर बसून मुलांना थोपटायचं काम मिळालं. एका पोराने हात बाजूला सारला, म्हणालं, हळू. ताईंनी कसं ते दाखवलं. मला तीस वर्षांचा अनुभव आहे, हे सांगणार होतो, पण तोवर सगळी झोपली होती.
सहापासून आईबाप येऊ लागले. एकेक पोर गेलं. शेवटची मुलगी माझ्याशेजारी बसून होती. तिची आई दारात आली, तशी तिने ताईंना विचारलं, या आजोबांना न्यायला कोण येणार?
ताई चटई गुंडाळू लागल्या. मी दुसरं टोक धरलं.
मुलगी प्रश्न विचारू लागली आहे. माझ्या वर्गाचा परिणाम दिसतोय.