पहिला पसंतीक्रम

१३ मे
दहावीला ९४.६० टक्के! निवासी विद्यालयात अकरावीच्या चाळीसच जागा, गेल्या वर्षी यादी ९३ला थांबली. म्हणजे माझं नक्की! ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही — आतल्या खोलीत दादा होता.

१६ मे
दादा डिसेंबरात त्याच विद्यालयातून बारावी अर्धी टाकून आला. काय झालं, सांगितलं नाही. तेव्हापासून बोलतच नाही. पण पहाटे पाचला उठतो, गादीची घडी घालतो आणि भिंतीकडे तोंड करून पुस्तक घेऊन बसतो. तिथे पाचला घंटा व्हायची म्हणे. आपल्याकडे कुठली घंटा? पान उलटल्याचा आवाज एकदाही येत नाही.

आई म्हणते, "धम्मदीपले हसत पाठवलं होतं म्या. परत आला तो माहा पोरगा नाहीच. आता तुले नाही पाठवत. चिखलीचं कॉलेज काय वाईट हाय?"

वाईट काहीच नाही. सकाळी एसटीने जायचं, दुपारी घरी. आणि समोर दादाची पाठ. अजून दोन वर्षं!

३ जून
लाज वाटते, पण लिहिते. मला तिथेच जायचंय. दादाला पोचवायला गेलो तेव्हा तिथली प्रयोगशाळा पाहिली होती, ती डोक्यातून जात नाही. ज्या जागेनं त्याला असं करून सोडलं, तिचीच स्वप्नं पडतात. मी कसली बहीण?

५ जून
आज फार वाईट वागले. दादाला भाकरी वाढताना तोंडातून निघून गेलं — "तुह्यामुळंच मले इथं अडकून राहा लागते!"

त्यानं मान वर केली नाही. भाकरी तशीच राहिली.

६ जून
सकाळी अर्ज भरला. आईसमोर. पसंतीक्रम एक — चिखलीचं कॉलेज. दोन — विद्यालय. पहिलं मिळालं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणजे विषय संपला. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येतो आणि बाबा कंडक्टर! गाडीच्या खडखडाटात त्यांनी सहा आकडे ओरडून सांगितले. आईने बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली.

वळून पाहिलं तर दारात दादा. कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही.

२८ जून
यादी लागली. पसंतीक्रम एक — निवासी विद्यालय!! हे कसं?

आई कडाडली, "माह्या डोयापुढं एक भरलं अन् मांगून दुसरं केलं! खोटारडी!" मी दादाची शपथ घेतली. तिला पटलं नाही. पासवर्ड माझ्या वहीच्या मागे लिहिलेला आहे, कोणालाही दिसेल. पण ओटीपीशिवाय अर्ज कसा बदलणार?

२९ जून
बाबा ड्युटीवरून आले. आईनं त्यांनाच धरलं. ते खाटेवर बसले आणि हळू बोलायला लागले.

"अर्जाच्या दिशी सकाळी समताले ओटीपी सांगतला. मंग दुपारी धम्मदीपचा फोन आला. 'बाबा, ओटीपी सांगा.' एवढंच. सहा महिन्यांनी आवाज ऐकला त्याचा. काऊन पायजे, इचारलंच नाही. देऊन टाकले आकडे. घरी बोललो नाही — वाटलं, सांगतलं तर पोरगा पुन्हा बंद होईन."

आई रडत होती. मी दादाच्या खोलीत गेले. "दादा, जाऊ?" त्यानं मान हलवली. हो.

३० जून
पहाटे पाच. दादा गाढ झोपलेला — डिसेंबरनंतर पहिल्यांदाच.

घंटा झाली — माझ्याच कानात. मी उठले.