शेळीच्या खुंट्याचा नंबर

कोल्हार,
१४ सप्टेंबर

प्रिय जहिरा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. वाईट व्हायचं ते माघात होऊन गेलं, ते तुला कळलंच आहे. यांच्या दहाव्याला मोहियोद्दीनभाई पुलाच्या कठड्याशी एकटेच उभे होते आणि तिथूनच परत गेले, असं माझ्या लेकाने, हर्षलने, घरी आल्यावर सांगितलं. मला रडू आलं ते तेव्हा. त्याआधी आलं नव्हतं.

पण आज रडगाणं लिहायला बसलेले नाही. गाडीबद्दल लिहायचं आहे, आपल्या जुन्या डॉजबद्दल, जिच्यापायी आपल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. वाचून तू हसशील आणि मग रागावशील. दोन्ही कर.

हर्षलच्या कंपनीत स्नेहल नावाची इंजिनिअर मुलगी आहे. तिला जुन्या गाड्यांचं वेड. गेल्या रविवारी आली ती थेट शेडमध्येच. मी चहा टाकेपर्यंत ही ओढणी कमरेला बांधून गाडीखाली शिरलेली, फक्त पाय बाहेर. बाहेर येऊन म्हणाली, काकू, टेप आहे का? मी शिलाई मशीनच्या खणातली कापडी टेप दिली. तिने इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. पंचवीस इंच भरला. या गाडीच्या इंजिनाचा तेवीसच असतो म्हणे. माझ्या टेपेवर विश्वास बसेना, म्हणून हर्षलची लोखंडी टेप मागवली. पंचवीसच. मग तिने दाखवलं, रेडिएटर दोन इंच पुढे सरकवून बसवला आहे, कारण इंजिन मावतच नव्हतं. आणि इंजिनावरच्या नंबराच्या आधी टी हे अक्षर होतं. टी म्हणजे ट्रकचं.

आपली गाडी ट्रकच्या इंजिनावर पळत होती, जहिरा. ओतूरच्या लग्नाला जाताना चंदनापुरीच्या घाटात बाकीच्या जीपा धापा टाकत होत्या आणि आपण चौदा जण गाणी म्हणत चढलो, ते कसं, हे आता कळलं. तुझ्या मांडीवर भज्यांचा डबा होता. हॉर्न अडकला तो घारगावपर्यंत वाजतच राहिला आणि लोक वरात आली म्हणून घराबाहेर येत होते. हे आणि मोहियोद्दीनभाई त्यांना हात जोडत होते. इतकं हसलेले हे मला पुन्हा दिसले नाहीत.

इंजिन बदललेलं आहे, यात यांचं चुकलं नव्हतं. चुकलं ते कुणी बदललं यात. २०१४च्या उन्हाळ्यात मोहियोद्दीनभाईंनी तुमच्या गॅरेजात इंजिन उतरवलं, रिंग-पिस्टन नवे घातले, करडा रंग देऊन परत बसवलं. पासिंगच्या कागदांसाठी यांनी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. जन्मात पहिल्यांदाच. तो नंबर आरसी बुकाशी जुळेना. हे तसेच स्टँडवरच्या हॉटेलात गेले आणि भरल्या बाकड्यांसमोर म्हणाले, "माझं इंजिन इकलं त्यानं." मोहियोद्दीनभाई तिथेच चहा पीत होते. ते एवढंच म्हणाले, "रंगनाथ, खाली बसून एकदा बघ तरी." हे बसले नाहीत. ठरवलं की यांची मान वळायची नाही, तुला माहीत आहे. गावातली गिऱ्हाइकं तुटली आणि वर्षाच्या आत तुम्ही नवरा-बायको गॅरेज उचलून नगरला गेलात. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या आपण. तुमचा टेम्पो भरत होता तेव्हा मी खिडकीत उभी होते. खाली आले नाही.

तर मग मूळचं इंजिन गेलं कुठे, असं स्नेहलने विचारलं. मी म्हटलं, सासऱ्यांनी बहात्तरच्या दुष्काळात मोटारीच्या इंजिनावर नदीवरचा पंप चालवला होता, असं सासूबाई सांगायच्या. ते पंपाचं इंजिन कुठे आहे, तिने विचारलं. मी आणि हर्षल दोघंही शेळीकडे बघायला लागलो. गोठ्यामागे मातीत अर्धं रुतलेलं ते लोखंड तुला आठवत असेल, तुझ्या ईदच्या साडीचा काठ त्यालाच अडकून फाटला होता. वीस वर्षं मी शेळी त्याला बांधते आहे. स्नेहलने डिझेल ओतून तारेच्या ब्रशने घासायला घेतलं. शेळी जागची हलेना, तिला वाटलं आपलं घरच काढून नेतात. अर्ध्या तासाने डी अक्षर दिसलं आणि त्यापुढे आरसी बुकातला नंबर, आकड्याला आकडा. हर्षल हसता हसता खाली बसला. सासऱ्यांनीच गाडीचं इंजिन नदीवर नेलं, गाडीत ट्रकचं घातलं आणि बुकात नोंद करायची राहून गेली. ज्या इंजिनासाठी यांनी मित्र तोडला, त्याच्यावर बसून हे रोज सकाळी दात घासत होते. मलाही हसू आलं. माघानंतर पहिल्यांदा.

शेवटी स्नेहलने मला शेडमध्ये बोलावलं. गाडीतल्या इंजिनाच्या खालच्या अंगाला, गुडघे टेकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, लाल ऑइलपेंटने सासऱ्यांच्या हातचं लिहिलेलं आहे, 'श्री दसरा १९७३'. नवं अवजार घरात आलं की पहिल्या दसऱ्याला ते असं लिहीत. म्हणजे हे इंजिन तेव्हापासून याच गाडीत आहे. भोवतीचं सगळं इंजिन करड्या रंगाचं, तेवढी वीतभर जागा मात्र सोडलेली. अक्षरांवर चिंधी धरून कडेकडेने ब्रश फिरवल्याचं दिसतं. मोहियोद्दीनभाईंनी ती खरवडली नाहीत आणि रंगाखाली जाऊ दिली नाहीत. स्नेहल म्हणाली, काकू, बघितलंत? मी नुसतं हं म्हटलं.

त्या हंमुळेच हे पत्र. जहिरा, मी ते आधीच बघितलं होतं. इंजिनाला हळदकुंकू वाहायला दर दसऱ्याला मीच खाली बसते, लग्न झाल्यापासून. त्या भांडणानंतर चार महिन्यांनी दसरा आला. बसले, तर तीच अक्षरं, तिथेच, भोवती नवा रंग. मला नंबरातलं कळत नाही, पण इंजिन तेच आहे एवढं कळलं. यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू पूजेचं बघ." मी पूजेचं बघितलं. अकरा दसरे त्याच श्रीवर कुंकू लावलं आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. हे चुकीचा राग घेऊन गेले, पण ती चूक यांच्या एकट्याची नव्हती. येत्या दसऱ्याला सोनं द्यायला आळीतली आणि स्टँडवरची सगळी माणसं आपल्या दारात येतील. त्यांच्यासमोर बॉनेट उघडून मी सांगणार आहे की मोहियोद्दीनभाईंनी काही विकलं नव्हतं आणि हे मला माहीत होतं. चारचौघांत माझी वाचा बसते. शाळेत कविता म्हणताना मी अडले की पुढची ओळ तू मागून सांगायचीस. दोघं या. गाडीला चावी मोहियोद्दीनभाईंनीच लावायची, तोवर कुणाला हात लावू देणार नाही. नाही आलात तरी मी बोलणारच आहे, अडखळत बोलेन. आणि यायला निघालात तर साडीची काळजी करू नकोस. शेळी आता लिंबाला बांधते.

तुझ्याच बाकावरची, तुझीच,
मालन