बोटीवरचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. मनीषनगर.

तुर्कस्तानातून परत येऊन दोन दिवस झाले, बॅगा हॉलमध्ये तशाच पडल्या आहेत. शिडाच्या त्या छोट्या बोटीवर आठ दिवस आम्ही मोजकेच जण होतो, सगळे एकमेकांना अनोळखी. नाशिकच्या एका बाईंनी यांना विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" हे अंजीर सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "एकच. रोहन. पुण्याला नोकरी करतो."

अपघातात रोहन गेला, त्याला आता तिसरं वर्ष. मी समोरच बसले होते. समुद्र दिसत होता, बाकी काहीच वाटलं नाही. आजही वाटत नाही. फक्त अंजीर सोलणारे ते हात आठवतात. किती सहज चालले होते.

आज चहा देताना शेवटी विचारलंच, "तसं काहून सांगितलं तुम्ही?"

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "इथं सगळ्यांले माहीत आहे वं. तिथं कोणालेच माहीत नव्हतं. आठ दिवस जित्ता होता तो."

रागवावं की रडावं? दोन्ही जमलं नाही.

मी एवढंच म्हटलं, "त्या बाईनं मलेही विचारलं होतं. मी सांगितलं, दिवाळीले येणार आहे."