हसरा फोटो नको

सारंगखेडा, ६ ऑगस्ट २०२५

चि. भूपेश यास सुकलालमामाचे अ. आ.

तुझा खोकला गेला का? सूनबाई काजलची कंबर कशी आहे? तुमच्या लेकीचे, भूमिकाचे दात आले का? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतो. रंजनाला, तुझ्या आईला, जिना चढताना धाप लागते. बहीण भावाच्या घरी सुखात आहे, पण गेल्या दिवाळीलाही तू फिरकला नाहीस.

फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून कागद घेतला. तुझा ‘रिकामी ओसरी’ अल्बम ऐकला. मामा, घोडा पारखता तसा पारखा, म्हणाला होतास ना? मग ऐक. आपल्या घोड्यांच्या यात्रेत लंगड्या घोड्याला घुंगरं जास्त बांधतात. तुझं तसंच झालंय. दर गाण्यात आई मरते, वीज कडाडते, तू हुंदके देतोस. ऐकणाऱ्याला रडायला जागाच ठेवत नाहीस बाबा. तिसऱ्या गाण्याच्या आधी मात्र तू नुसता गुणगुणतोस, अगदी रंजना पोळ्या लाटताना गुणगुणते तसा. तिथे ऐकताना तिचा हात थांबला होता. तेवढ्यात व्हायोलिनं धावून आली.

कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला बाया ओट्यावर जमल्या होत्या. आमच्या लखनने कौतुकाने तुझी गाणी मोठ्या स्पीकरवर लावली. पलीकडच्या गल्लीतल्या गजराबाईने तुझा आवाज ओळखला. माय गेली म्हणून पोर रडतंय, हे ऐकून ती डोक्यावर पदर ओढून, हेल काढत दारावर आली. तिला पाण्याचा तांब्या दिला तो रंजनानेच. बाया पोट धरून हसल्या, रंजनाही हसली. मग हळूच मला म्हणाली, मी जित्ती शे ना, मंग हाऊ कोनले रडी ऱ्हायना?

ती जिवंत असताना तू कोणाला रडतोस, याचं उत्तर तूच येऊन दे.

तुझा मामा


पुणे, १९ ऑगस्ट २०२५

ती. मामांस भूपेशचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचं बोलणं लागलं, पण राग नाही. मामा, गाण्यातली आई म्हणजे आपली आई नव्हे, ती सगळ्यांची आई आहे. इथे लोक ऐकून ढसाढसा रडतात. दिवाळीत मोठा कार्यक्रम ठरलाय, म्हणून यंदाही जमणार नाही. आईला समजावून सांगा.

एक काम होतं. कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला पडद्यावर दाखवायला आईचा एक फोटो पाठवा. हसरा नको.

आपला भूपेश


सारंगखेडा, २ सप्टेंबर २०२५

चि. भूपेश यास अ. आ.

फोटो पाठवतो आहे. तुझ्यासाठी हवाय एवढंच सांगितलं, तर रंजनाने ठेवणीतलं लुगडं नेसलं, केस विंचरले. हसू नको म्हणून लखनने किती विनवलं. तिला हसू आवरेना. आहे तसाच घे.

मग तिने विचारलं, भूपेशला फोटो कशाला? मला खोटं बोलता येत नाही, तू जाणतोस. गाण्यातल्या गेलेल्या आईच्या जागी दाखवायला, असं सांगितलं. तिने लुगडं सोडून घडी घातली. आता पोळ्या लाटताना गुणगुणत नाही. काल म्हणाली, दादा, मी खरोखरची गेले की त्याला बोलावू नका, त्याचं रडून झालंय.

मी तिच्याहून थोरला, आधी जाणारा; हा निरोप कसा सांभाळू? गाणी राहू दे. चार ओळी तिच्या नावाने लिही, लवकर लिही. वाचून मीच दाखवीन.

तुझा मामा