डाव्या पायाचा पट्टा

प्रिय बडबडे,

जावईबापू तुझी डावी चप्पल घेऊन आले. पट्टा रुततोय, एक भोक वाढवून द्या, असा तुझा निरोप. चप्पल माझ्या मांडीवर आहे, आरी हातात आहे, आणि मी भोक पाडलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? बाबा घाबरट म्हणून हसण्यावारी नेशील. जावईबापू बाकावर बसून घड्याळ बघतायत. त्यांना काही बोललो नाही, नाहीतर मोटारसायकल भरधाव हाकतील.

ही जोडी मीच शिवली, दोन महिन्यांपूर्वी. तुझ्या पावलांचं माप कागदावर आहे, दोन्हींत केसाचाही फरक नाही. आणि चामडं वापरून सैल होतं गं, घट्ट होत नाही.

तुझ्या आईलाही तुझ्यासारखाच आमवात. सकाळी बोटं वळायची नाहीत, पण माझ्या शिवणीला नावं ठेवायला जीभ तयार! एकदा म्हणाली, डावा पट्टा रुततोय, पोटरीही ठणकतेय. मी एक भोक वाढवलं. चार दिवसांनी आणखी एक. वर माझी ऐट, की घरात कारागीर असल्याचा फायदा बघ. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिला धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्हा सगळ्यांना मी हार्ट अटॅक सांगितला.

तो हार्ट अटॅक नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते. त्याने आत येणारी सूज रक्तालाही सोडत नाही, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली. एकच पाय सुजला तेव्हाच आणलं असतंत तर औषध होतं, म्हणाल्या. जन्मभर लोकांचे पाय बघून पोट भरलं, आणि तिचा पाय बघितला नाही, नुसता पट्टा बघितला. नऊ वर्षं तुला हे सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ कर.

चप्पल तशीच परत पाठवतोय. पोटरी चोळत बसू नकोस. हे वाचलंस की हातातलं काम टाक, रिक्षा कर आणि जावईबापूंबरोबर थेट दवाखान्यात जा. तुझा आमवात सांग, आईचंही सांग. मी दुकानाला कुलूप लावून मागोमाग बसने येतोय. आरी बरोबर घेतोय. डॉक्टर म्हणाले की पट्टा नुसताच घट्ट आहे, तर तिथेच बसून भोक पाडून देईन.

तुझाच,
घाबरट बाबा